गेल्या वर्षीसारखाच

डॉक्टरांनी मला गप्प बसायला सांगितलं तेव्हा बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं त्याला समाधान म्हणणं बरं दिसत नाही, पण दुसरा शब्द मला आजतागायत सापडलेला नाही.

"एक अक्षर बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "गाणं तर सोडाच. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही. गणपती होईपर्यंत तोंडाला कुलूप. मग पुन्हा कॅमेरा घालून बघू."

"आणि नाही बरं झालं तर?" मी विचारलं. कुलूप लागण्याआधीचं माझं हे शेवटचं वाक्य.

"पुढचं पुढे," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा गळा होता. आतून ओला, गुलाबी, आणि मधोमध दोन पांढऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांच्या कडेला समोरासमोर दोन गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या. एवढ्याशा कण्यांनी माझा गाशा गुंडाळायची वेळ आणली होती.

मी गाते. माझी गाणी मीच लिहिते, चाल मीच लावते आणि गळ्यात गिटार अडकवून मीच उभी राहते. लग्नामुंजीत कोणी विचारलं की मी नुसतं "गाते" म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "क्लासिकल का सुगम?" "रॉक," म्हटलं की समोरचा माणूस म्हणतो, "अच्छा, ते ओरडायचं." सुरुवातीला माझं डोकं सणकायचं. नंतर मीच म्हणायला लागले, हो, तेच ओरडायचं.

चित्रकला शिकायला म्हणून मुंबईला गेले आणि कॉलेजच्या जिन्याखाली चौघांबरोबर बँड काढून बसले. चित्रंही चालू होतीच. पहिल्या अल्बमचं कव्हर मी रंगवलं, दुसऱ्याचंही मीच. मग बँडमधले तिघं नोकऱ्यांना लागले, एकाचं लग्न झालं, आणि गिटार आणि ब्रश एवढंच माझ्याबरोबर उरलं. मी एकटीच गायला लागले. लहानशा जागा, उभे राहिलेले लोक, हातात बाटल्या, आणि पुढच्या रांगेत सगळे शब्द पाठ असलेली पाच-सहा पोरं. मोठी कंपनी वगैरे कधी मागे नव्हती. गाणं रेकॉर्ड करायचं, इंटरनेटवर टाकायचं आणि देवाच्या भरवशावर सोडून द्यायचं. त्यातलं एक गाणं लोकांनी उचललं. सड्यावरचं गाणं. आमच्याकडे रत्नागिरीत घरामागे चढून गेलं की काळ्या कातळाचा उघडा माळ लागतो, तो सडा. त्या गाण्याच्या शेवटी मी एक वरचा सूर लावायचे, लावायचे कसला, फेकायचे. तो सूर आला की लोक हात वर करायचे. मग कुठेही जा, दुसऱ्या गाण्याला उभं राहिलं की मागून आरोळी यायचीच, "सडा! सडा!" मी नवी गाणी घेऊन जायचे आणि लोकांना तेच हवं असायचं, तसंच, रेकॉर्डिंगमध्ये आहे अगदी तसंच.

आई गेली तेव्हा मी घरी परत आले. बाबा एकटे राहू शकले असते, पण जेवले नसते. पडवीच्या टोकाची खोली मी गोधड्या लावून आवाजबंद केली आणि तिथेच गाणी रेकॉर्ड करायला लागले. महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई, पुणे, कधी गोवा. दोन दिवस जायचं, गायचं, परत यायचं. रत्नागिरीत मात्र कधीच गायले नव्हते. कोणी बोलावलंच नव्हतं. त्या वर्षी पहिल्यांदा इथल्याच काही मुलामुलींनी हॉल ठरवला, दसऱ्यानंतरची तारीख धरली, आणि माझं चित्र छापून पोस्टर केलं. तारीख ठरली आणि गळा बसला. माझं नशीब हे असं.

आता बाबांचं सांगते. बाबांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे आमची पडवीच, वर पत्रा आणि खाली माती. आषाढ लागला की गावातली घरं आपापला पाट आणून देतात. त्या पाटावरच त्यांचा गणपती घडवायचा. पाट पिढीजात असतो, मूर्ती दरवर्षी नवी. पाटाबरोबर नारळ येतो आणि एक वाक्य येतं, ते सगळ्यांचं एकच, "गेल्या वर्षीसारखाच हवा हो." कोणाचा उंदराजवळ बसलेला, कोणाचा नागाच्या फण्याखालचा, कोणाचं सोवळं जांभळंच पाहिजे. बाबा मान डोलावतात. मी लहानपणापासून सोवळी, शेले, दागिने रंगवत आले. माझी चित्रकला त्या पडवीत सुरू झाली, कॉलेज बिलेज नंतरचं.

पण डोळे बाबांनी मला कधी काढू दिले नाहीत. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे असतात. ते काढताना बाबा बोलत नाहीत. श्वास आत घेतात, धरून ठेवतात, ब्रशचं टोक टेकवतात, आणि रेघ पुरी झाली की सोडतात. "तुझं तोंड एवढा वेळ बंद राहायचं नाही," एवढं एकच कारण ते वर्षानुवर्षं देत आले. मी भांडले, रुसले, कॉलेजातून पदक आणून नाकासमोर धरलं. ते म्हणाले, "पदक छान आहे. पण तोंड?"

आणि माझी गाणी? ती त्यांनी ऐकली नव्हती असं नाही. पुरी ऐकली नव्हती. मी खोलीत गायला लागले की ते दाराशी येऊन उभे राहायचे. पहिलं कडवं व्हायचं, दुसरं सुरू व्हायचं, की त्यांना पाण्याची आठवण व्हायची. "पंप लावून येतो." विहिरीवरचा पंप लावायचा, छपरावरची टाकी भरायची, टाकी भरली की बंद करायचा, त्यात गाणं संपायचं. पाण्याचा थेंब वाया गेला तर दिवसभर बोलणी खावी लागतात असं आमचं घर. त्यामुळे पंप हे कारण कोणाला खोडता येत नसे. मी मनातल्या मनात म्हणायचे, तुमच्या गणपतीच्या डोळ्यांना मी कधी अर्ध्यात सोडून गेले का हो? तोंडाने म्हणून दाखवलं नाही. एवढं एक मात्र कधी म्हणाले नाही.

तर तोंडाला कुलूप लागलं. पहिले काही दिवस मी वेडी व्हायची बाकी होते. तुम्ही दिवसभरात किती बोलता हे तुम्हाला माहीत नसतं. मांजराशी बोलता, गॅसशी बोलता, उतू गेलेल्या दुधाला शिव्या घालता. मी फोनवर टाइप करायचे आणि बाबांसमोर धरायचे. बाबांचे हात मातीचे, चष्मा कपाळावर. ते म्हणायचे, "दिसत नाही गो. तूच वाचून दाखव." मी पाय आपटायचे. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि खांदे हलायला लागायचे. हसताना आवाज न करायची त्यांची ती सवय मला त्या दिवसांत फार छळायची.

दूधवाला, मासेवाली, शेजारच्या वहिनी, सगळ्यांनी माझ्याशी खाणाखुणांनी बोलायला सुरुवात केली. मला ऐकू येतं हे कोणाच्या ध्यानातच येईना. मासेवालीने बोटांनी भाव सांगितला आणि वर मोठ्याने ओरडली, "बाय, ऐकू येतंय काय?" मी डोक्याला हात लावला. त्याचाही अर्थ तिने भाव जास्त वाटला असा घेतला आणि दोन बांगडे वर टाकले. एवढा एक फायदा झाला म्हणायचा.

पण संध्याकाळी खोलीत गेले की गिटार समोर असायची आणि मी तिच्याकडे पाठ करून बसायचे. चित्र काढायला बसले तर हात चालायचे, पण तोंडाने काहीतरी गुणगुणल्याशिवाय मी आयुष्यात ब्रश उचललेला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या होत्या आणि ती दोरी आता कुठेच टांगलेली नव्हती. त्या आवाजाशिवाय मी कोण, हा प्रश्न मला रडवायचा. कॅमेरा पुन्हा घालतील आणि कण्या तिथेच असतील तर? हॉल ठरलाय, पोस्टर लागलीत, गावातली माणसं पहिल्यांदा ऐकायला येणार आहेत. आणि तो सूर नाही लागला तर? मला भीती वाटत होती. सरळ सांगते, तशी भीती मला आई आजारी असतानाही वाटली नव्हती, कारण तेव्हा करायला काहीतरी होतं.

श्रावण संपत आला तेव्हा एका दुपारी बाबांनी दोन नंबरचा ब्रश धुऊन, टोक ओठांवर फिरवून माझ्या हातात दिला. "बस," म्हणाले. समोर काकींच्या घरचा गणपती होता.

काकी म्हणजे आमच्या खालच्या आळीतल्या. त्यांचं आणि त्यांच्या थोरल्या दिरांचं घर एकच होतं. मग वाटण्या झाल्या, मधे गडगा उभा राहिला, बोलणंचालणं बंद झालं. जमीन वाटली, आंब्याची कलमं वाटली, पण गणपती कसा वाटणार? दोघांनाही वडिलांच्या वेळचाच गणपती हवा होता. तोच आकार, तेच जांभळं सोवळं, तोच डावीकडे टेकलेला हात. जुना पाट थोरल्यांकडे गेला. काकींनी फणसाचाच नवा पाट त्या मापाचा करून घेतला. त्यामुळे दरवर्षी आमच्या फळीवर दोन गणपती शेजारीशेजारी बसायचे, जुळ्या भावांसारखे, आणि त्यांच्या घरची माणसं मात्र एकमेकांच्या वेळा चुकवून यायची.

मी बाबांकडे बघितलं. डोळे? मी?

"तोंड बंद आहे ना सध्या," ते म्हणाले. "मग काय हरकत आहे?"

मी श्वास घेतला. गाताना घेते तसाच, खालून, पोटातून. धरला. ब्रश टेकवला. वरची पापणी एका श्वासात काढायची असते, मधे थांबलं की रेघेला गाठ येते. हात थरथरेल असं वाटलं होतं, थरथरला नाही. रेघ संपली तेव्हा मी श्वास सोडला आणि मला इतकं बरं वाटलं की कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. लांब सूर मी ज्या श्वासावर धरते तो मी कुठल्या क्लासात शिकलेच नव्हते. तो याच पडवीत, बाबांच्या पाठीमागे उभं राहून, त्यांच्याबरोबर श्वास रोखून शिकले होते. हे मला तेव्हा, चाळिशीला टेकल्यावर कळलं.

बाबांनी चष्मा खाली घेतला आणि बघितलं. "तुझा जरा खाली बघतोय," म्हणाले. माझं तोंड पडलं. ते म्हणाले, "असू दे. माझा दरवर्षी वेगळाच होतो. सारखा कधी झालाच नाही गो. हात तो राहत नाही, नजर ती राहत नाही. लोक म्हणतात, सारखाच झाला. म्हणू देत."

आमच्या कारखान्याची एक रीत आहे. मूर्ती न्यायला घरातलं मोठं माणूस येतं. बाबा मूर्तीवरचं फडकं काढतात. ते माणूस बघतं आणि म्हणतं, "आमचाच." हे ऐकल्याशिवाय बाबा मूर्ती हलवू देत नाहीत. मग नारळ ठेवायचा, तोंडावर रुमाल घालायचा, मूर्ती उचलायची आणि गजर करायचा, गणपती बाप्पा मोरया. एकदा मोरया म्हटलं की मूर्ती पुन्हा आमच्या फळीवर टेकत नाही. देव निघाला तो निघाला. पाऊस असो, टेम्पो बंद पडलेला असो, हातात धरून उभं राहायचं, पण परत ठेवायची नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी थोरल्यांकडून त्यांचा एक चुलत पुतण्या आला. थोरल्यांना ताप भरलेला, म्हणून मुंबईहून सकाळीच उतरलेल्या या माणसाला पाठवलं होतं. अंगात रेनकोट, कपाळावर गंध, बरोबर आळीतले दोन गडी. बाबा बाहेर दुसऱ्याच एका टेम्पोवर प्लॅस्टिक बांधत होते. तिथूनच ओरडले, "फडकं काढून बघा तोवर!" पाऊस असा लागला होता की पत्र्याखाली स्वतःचं बोलणंही ऐकू येईना.

पुतण्याने पहिलं फडकं काढलं. बघितलं, जांभळं सोवळं, डावीकडे टेकलेला हात. त्याचा चेहरा उजळला. "आमचाच!" त्याने हात जोडले. आणि तो काकींचा होता.

मी पाट बघितला. जुन्या पाटाचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला आहे, तिथे लाकडाचा तुकडा बसवलाय. या पाटाचे चारी कोपरे धड होते. हा काकींचाच, माझ्या हातच्या डोळ्यांचा, किंचित खाली बघणारा. आणि हा मुंबईकर त्याच्यापुढे नारळ ठेवून खिशातून रुमाल काढत होता!

मी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं मी आनंदाने वाजवतेय. त्यानेही वाजवल्या. मी दोन्ही हात हलवून नाही-नाही केलं. त्याने मला नमस्कार केला. गड्यांनी पाटाला हात घातले. मी मधे जाईन म्हटलं तर मधे बाकभर मूर्ती, ओल्या फडक्यांचा ढीग, रंगाचे डबे. पुतण्याने तोंड वर केलं आणि गजरासाठी छाती भरून श्वास घेतला. एवढंच दिसलं मला. त्याच्या तोंडून मोरया निघाला की काकींचा गणपती थोरल्यांच्या घरी गेला. भाऊबंदकीत आधीच काय कमी होतं? आणि काकी उद्या सकाळी कोणापुढे आरती करणार होत्या?

मी ओरडले, "थांबा! तो तुमचा नाही!"

सगळे थांबले. मीही थांबले. कारण जे ओरडलं ते मी नव्हते. जाड, खोल, खरखरीत असा कोणाचा तरी आवाज पडवीभर घुमला होता. पावसालाही तो पुरून उरला. माझा आवाज वर फाटायचा, पातळ होता, काच तडकावी तसा. हा खाली, जमिनीलगत होता.

बाबा प्लॅस्टिक हातात घेऊनच आत आले. "कोण ओरडलं?" त्यांनी पुतण्याकडे बघितलं. गड्यांकडे बघितलं. बाहेर टेम्पोवाल्याकडे वळून बघितलं. "कोण आहे आत आणखी?"

माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

माझा हात गळ्यावर होता. तो बघून मग त्यांच्या लक्षात आलं. शेजारच्या मूर्तीवरचं फडकं त्यांनी काढलं, कोपऱ्यावरचा तुकडा पुतण्याला दाखवला, आणि गोंधळ मिटला. पुतण्या "सॉरी हां, सॉरी" करत दोन्ही मूर्तींच्या पाया पडला. थोरल्यांचा गणपती योग्य तो मोरया होऊन पावसातून गेला.

मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. बिनआवाजाचं रडणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. जन्मापासून ज्या माणसाने माझी हाक ओळखली, पाळण्यातल्या रडण्यावरून मला भूक लागली का मुंगी चावली हे ज्याला कळायचं असं आई सांगायची, त्याने विचारलं होतं, कोण ओरडलं. मग हॉलमधली परकी माणसं काय ओळखणार?

संध्याकाळी काकी स्वतः आल्या. ऐंशीच्या घरातल्या, पदर डोक्यावर, हातात छत्री. बाबांनी फडकं काढलं. मी खांबाआड उभी राहिले. काकी बघत राहिल्या. एवढा वेळ बघत राहिल्या की मी खांबावरचा रंग नखाने खरवडायला लागले.

"डोळे वेगळे आहेत या वर्षी," त्या म्हणाल्या.

मी मेल्याहून मेल्यासारखी.

"खाली बघतोय," काकी म्हणाल्या. "मी बसल्यावर माझ्याकडेच बघेल. गुडघ्यांमुळे उभं कुठे राहवतंय आता." त्यांनी रुमाल घातला, पाटाला हात लावून तो कपाळाला लावला. "आमचाच हो."

आमच्या घरी गौरी-गणपती पाच दिवसांचा. आरत्या चालू असताना मी घंटा वाजवली, टाळ वाजवले, आणि ओठ मिटून बसले. गौरीबरोबर विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा कॅमेरा, पुन्हा माझा गळा पडद्यावर. कण्या जवळजवळ विरल्या होत्या. एका ओरडण्याने काही बिघडलेलं नव्हतं.

"म्हणजे पहिल्यासारखं गाता येईल?" मी त्या नव्या, जाड आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "गाता येईल. पहिल्यासारखं नाही. वरचं सगळं फेकून गायचं बंद करा, नाहीतर गाठी परत येतील. आवाज खाली उतरलाय, तिथेच राहू द्या."

येताना रिक्षात आम्ही दोघं काहीच बोललो नाही. बोलायची परवानगी मिळालेली, आणि मला बोलावंसंच वाटेना.

त्यानंतरचे काही दिवस मी त्या आवाजाचा रागच राग केला. सड्यावरचं गाणं नेहमीच्या पट्टीत लावलं तर शेवटी नुसती हवा निघाली. हॉलवाल्या मुलांचा फोन आला, "ताई, सडा शेवटी ठेवूया ना? सगळे त्यासाठीच येणार आहेत." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून उशी भिंतीवर मारली. कार्यक्रम रद्द करावा असं रोज सकाळी वाटायचं. रोज दुपारी वाटायचं, एकदा लावून तर बघू.

मग एका दुपारी मी गिटारच्या तारा सैल केल्या. थोड्या, मग आणखी थोड्या, तार ढिली पडून खडखडायला लागेल इथपर्यंत. पडवीत जाऊन बसले, खोलीत गुदमरायला होत होतं म्हणून. पडवी रिकामी होती. फळ्यांवर मातीचे गोल डाग, कोपऱ्यात उरलेल्या शाडूचं पोतं, खांबाला बाबांनी ब्रश पुसलेल्या रंगांच्या रेघा. मी सड्यावरचं गाणं हळू सुरू केलं, अर्ध्या वेगात. या आवाजाला घाई जमत नव्हती.

पहिलं कडवं झालं. पाठीमागे पावलं वाजली. दाराशी थांबली. दुसरं कडवं सुरू झालं आणि विहिरीकडून पंपाची घरघर ऐकू आली. म्हटलं, झालं, गेले. रागही आला नाही, सवयीचं होतं ते. मी डोळे मिटून पुढे गात राहिले. शेवटाला आले. वर जायच्या जागी मी श्वास घेतला, पोटातून, पापणीची रेघ काढताना घेतला होता तसा, आणि वर न जाता खाली उतरले. सूर जमिनीवर टेकवला आणि तिथेच धरून ठेवला. तो फाटला नाही, थरथरला नाही. संपेपर्यंत धरला आणि मग श्वास सोडला.

वरून पत्र्यावर पाणी पडत होतं. मला वाटलं पाऊस आला. डोळे उघडले तर अंगणात लख्ख ऊन होतं. टाकी भरून वाहत होती. बऱ्याच आधीपासून वाहत असणार, कारण अंगणातून ओहोळ निघून पायरीपर्यंत आला होता.

बाबा दारातच उभे होते. पंप लावून ते परत येऊन तिथेच उभे राहिले होते. चष्मा डोळ्यांवर होता आणि ते माझ्याकडे बघत होते, फडकं काढल्यावर घरातलं मोठं माणूस बघतं तसे, घाई न करता. मला एकदम भीती वाटली. गिटार मी पोटाशी धरली.

"आमचाच," बाबा म्हणाले.

मग पंप बंद करायला गेले.